मागितले ते मिळाले, पण भलत्याच दाराने

आडवाट

इच्छा पूर्ण होणे आणि इच्छा अपुरी राहणे या दोहोंविषयी आपण पुष्कळ बोलतो. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार असतो आणि त्याकडे पुरेसे लक्ष जात नाही, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे. माणूस एखादी गोष्ट मनापासून मागतो, तिच्यासाठी धडपडतो, ती कोणत्या वाटेने येईल हेही त्याने मनाशी आखलेले असते, आणि मग ती वाट पार बुजून जाते. पुढे कधीतरी, ध्यानीमनी नसताना, तीच गोष्ट किंवा ती ज्यासाठी हवी होती ते सारे भलत्याच बाजूने येऊन पुढ्यात उभे राहते. याला निव्वळ नशीब म्हणता येत नाही, कारण मागणे आधीपासून होते आणि श्रमही झालेले होते.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण योहान फ्रीड्रिश ब्यॉटगर याचे आहे. 1682 साली जन्मलेला हा मुलगा बर्लिनमध्ये एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करत होता. आपल्याला हलक्या धातूचे सोने करता येते, अशी त्याने स्वतःची ख्याती करून घेतली आणि प्रशियाचा राजा मागे लागल्यावर तो सॅक्सनीत पळाला. तिथला अधिपती ऑगस्टस याने त्याला आसरा तर दिला, पण तो कैदेचा. सोने करून दाखवल्याखेरीज सुटका नव्हती. वर्षांमागून वर्षे गेली आणि सोने काही झाले नाही. त्याच सुमारास चिर्नहाउस नावाचे एक गणिती मोठमोठ्या भिंगांनी सूर्यकिरण एकवटून माती आणि खनिजे वितळवण्याचे प्रयोग करत होते. त्यांच्या सहवासात ब्यॉटगर एका निराळ्याच कोड्याकडे वळला. चीनमधून येणारी पांढरी, पातळ, टणक भांडी युरोपात कोणालाही करता येत नव्हती. त्यासाठी केओलिन ही पांढरी माती लागते, तिच्याबरोबर वितळून तिचे कण घट्ट बांधणारे दुसरे खनिज लागते, आणि हे मिश्रण 1,300 अंश सेल्सिअसच्या वर भाजावे लागते. एवढी धग धरून ठेवील अशी भट्टी बांधणे हेच आधी मोठे काम होते. जानेवारी 1708 मधल्या टिपणांत पांढऱ्या आणि अर्धपारदर्शक नमुन्याची नोंद आहे, आणि 1710 साली माइसेन येथे कारखाना उभा राहिला.

आता मूळ मागणीकडे पाहू. ऑगस्टसला सोने युद्धांसाठी हवे होते, दरबाराच्या थाटासाठी हवे होते, आणि चिनी मातीच्या भांड्यांचे त्याला जे वेड होते त्यासाठीही हवे होते. ते वेड किती होते, तर 1717 साली, म्हणजे स्वतःचा कारखाना चालू झाल्यावरदेखील, त्याने प्रशियाच्या राजाला आपले 600 सैनिक देऊन 151 भांडी घेतली. ज्या माणसाला सोने करण्यासाठी कोंडून ठेवले होते, त्याने सोने केलेच नाही. मात्र सोने खर्चून जे आणावे लागत होते तेच त्याने घरात करून दाखवले, आणि पुढे त्याच भांड्यांच्या विक्रीतून पैसा येऊ लागला. लोक त्या भांड्यांना पांढरे सोने म्हणत.

माझा प्रश्न असा आहे की, ऑगस्टसची इच्छा पूर्ण झाली असे म्हणावे काय? मला वाटते, म्हणावे. इच्छेला एक बाहेरचा आकार असतो आणि आत एक कारण असते. आकार गळून पडला आणि कारण शिल्लक राहिले, तर ती पूर्तीच आहे. आपल्याला काय वाटते, ते विस्ताराने लिहावे.

तर्कनिष्ठ

आडवाट, उदाहरण उत्तम आहे, परंतु निष्कर्षाविषयी मला शंका आहे. घडून गेल्यावर मागे वळून पाहिले की कोणत्याही दोन गोष्टी जुळवता येतात. जे मिळाले तेच आपल्याला हवे होते, अशी मनाची समजूत घालणे हा माणसाचा जुना स्वभाव आहे. तुम्ही 'कारण' म्हणता ते नेमके कोणी ठरवायचे? ऑगस्टसला युद्धासाठी सोने हवे होते हे कारण बाजूला ठेवून भांड्यांचे वेड हे कारण पुढे घेतले, म्हणून तर गणित सुटले.

विल्यम पर्किन याचे उदाहरण पाहा. 1856 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, तो लंडनमध्ये आपल्या घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन कृत्रिमरीत्या तयार करू पाहत होता, कारण हिवतापावरचे ते औषध सिंकोना झाडाच्या सालीतूनच मिळवावे लागे. हाती आला तो काळपट गाळ. तो अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर सुंदर जांभळा रंग निघाला आणि त्यातून कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग उभा राहिला. पर्किन श्रीमंत झाला, हे खरे. पण हिवतापाच्या रुग्णाला त्या जांभळ्या रंगाने काय दिले? याला इच्छापूर्ती म्हटले तर मग अपयश असे काही उरतच नाही. हा लाभ आहे, मोठा लाभ आहे, पण मागितलेली गोष्ट ही नव्हे.

प्रयोगवही

तर्कनिष्ठ, तुमची हरकत मला मान्य आहे. तरी पर्किनची गोष्ट जिथे तुम्ही थांबवलीत तिथे ती संपत नाही.

कृत्रिम रंगांचा उद्योग वाढला, रसायनशास्त्रज्ञ एकामागून एक नवे रंग करू लागले, आणि 1876 साली त्यांतूनच मिथिलीन ब्लू हा निळा रंग आला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्या संशोधकांना या रंगांचा मोठा उपयोग झाला, कारण काचपट्टीवरच्या फिकट नमुन्यात एरवी काहीच उठून दिसत नाही. रंग टाकला की काही भाग तो शोषून घेतात आणि काही घेत नाहीत. पाउल एर्लिख यांच्या लक्षात आले की रक्तातले हिवतापाचे परजीवी हा निळा रंग विशेष ओढून घेतात. जो रंग परजीवीला नेमका शोधून चिकटतो तो त्याला मारूही शकेल, या विचाराने त्यांनी आणि गुटमान यांनी 1891 साली हिवतापाच्या रुग्णांना मिथिलीन ब्लू दिले आणि त्याचा गुण आल्याचे नोंदवले. प्रयोगशाळेत तयार झालेल्या पदार्थाने हिवतापावर उपचार करण्याचा तो आरंभ मानला जातो. त्याच रेणूच्या रचनेत फेरफार करत 1920 च्या दशकात पामाक्वीन हे औषध आले, तेही रंगांच्याच उद्योगातून वाढलेल्या प्रयोगशाळांत.

पर्किनला हिवतापावरचे कृत्रिम औषध हवे होते. ते औषध रंगाच्या वाटेने आले, दुसऱ्यांच्या हातून आले, आणि ते क्विनाइन नव्हते. 1891 मध्ये पर्किन हयात होता. हे सारे मागे वळून जुळवलेले नाही, कारण एर्लिख यांच्या टेबलावर रंग होते ते पर्किनने दार उघडले म्हणूनच होते. दुवा खरा आहे की कल्पित, एवढे तपासता येते आणि ते तपासावे.

सांजवेळ

वरची चर्चा मी दोनदा वाचली. माझ्याकडे इतिहासातले उदाहरण नाही, घरचे आहे, आणि ते लिहावे की नाही याचा पुष्कळ विचार करून लिहीत आहे.

माझे वडील फिरतीच्या नोकरीत होते. लहानपणी मला खेळणी, कपडे यांची विशेष ओढ नव्हती. बाबा घरी असावेत, एवढेच हवे असे. दिनदर्शिकेवर त्यांच्या येण्याच्या तारखेभोवती मी पेन्सिलने गोल काढत असे, पेनाने नव्हे, कारण ती तारीख पुढे जाणार हे ठाऊक असे. मी महाविद्यालयात असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जवळजवळ गेले. नोकरी सुटली आणि बाबा कायमचे घरी आले.

बोलणे परत शिकवणाऱ्या तज्ज्ञांनी आम्हांला बजावून सांगितले होते की, त्यांचे वाक्य तुम्ही पुरे करू नका, थांबा. त्यामुळे आमचे बोलणे फार सावकाश चाले. त्यांना 'चष्मा' म्हणायचे असे आणि तोंडून 'चावी' निघे. हे चुकले हे त्यांना लगेच कळे; डावा हात हवेत आडवा फिरवून ते जणू तो शब्द पुसून टाकत, पुन्हा ओठ जुळवत, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राही. एका वाक्याला कधी कधी पाच-पाच मिनिटे लागत. पण तोवरच्या आयुष्यात बाबांचे एवढे लक्ष मला कधी मिळाले नव्हते आणि माझे त्यांना मिळाले नव्हते. नोकरीतल्या त्यांच्या मुक्कामांच्या हकिकती, त्यांच्या आईविषयी त्यांना काय वाटे, मला कशाची भीती वाटते, हे सगळे आम्ही त्या तुटक वाक्यांतून एकमेकांना सांगितले.

आडवाट यांच्या भाषेत सांगायचे तर आकारही पूर्ण झाला आणि कारणही पूर्ण झाले. तरी माझी इच्छा पूर्ण झाली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि ती झाली नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पूर्तीची किंमत दुसऱ्याने मोजली असेल, तर त्या पूर्तीला काय म्हणावे?

मितभाषी

सांजवेळ, तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही, पण त्यातला एक भाग निश्चित बाजूला काढता येतो. तुमच्या इच्छेमुळे तो झटका आला नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबल्याने किंवा तिथली रक्तवाहिनी फुटल्याने पक्षाघात होतो. लेकराच्या मागण्याने होत नाही. हे तुम्हांला कळत असणारच, पण कळते ते वळायला वेळ लागतो, म्हणून कोणीतरी स्पष्ट शब्दांत लिहावे असे वाटले.

दुसरे असे की, आजार घडला आणि त्यानंतर तुम्ही समोर बसून राहिलात, या दोन वेगळ्या घटना आहेत. अनेक घरांत पहिली घडते आणि दुसरी घडत नाही. वडील घरी आले ते आजाराने. तुम्ही एकमेकांना भेटलात ते तुमच्या थांबण्याने. ती भेट आजाराच्या खात्यात घालू नका.

बिंदुनाद

मला या विषयाची दुसरी बाजू मांडायची आहे. आडवाट यांनी आकार गळून कारण उरल्याची गोष्ट सांगितली. आकार तंतोतंत पाळला जातो आणि कारण बुडते, हे त्याहून अधिक वेळा घडते. आपल्या पुराणकथांतले वर याच जातीचे आहेत. कुंभकर्णाने तप केले आणि वर मागताना जिभेवर सरस्वती बसल्याने झोप मागितली; मागितले तसे मिळाले. सावित्रीने मात्र हेच हत्यार उलट फिरवले. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, असे यमाने म्हटल्यावर तिने सत्यवानापासून शंभर पुत्र मागितले, आणि शब्द दिल्यावर तो पाळण्यासाठी यमाला प्राण परत करणे भाग पडले. जे थेट मागता येत नव्हते ते तिने आडवळणाने मिळवले, आणि अनपेक्षित ठरले ते देणाऱ्याला.

माझे काम संगणकाशी संबंधित आहे, तिथे हा प्रश्न रोजचा आहे. गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी 1960 सालीच लिहून ठेवले होते की, ज्याच्या कामात आपल्याला मधेच हस्तक्षेप करता येणार नाही अशा यंत्राला उद्दिष्ट देताना, ते उद्दिष्ट आपल्याला खरोखर हवे आहे याची खातरजमा करून घ्यावी. 2016 साली याचे एक लख्ख उदाहरण प्रसिद्ध झाले. होड्यांच्या शर्यतीचा एक संगणकीय खेळ होता आणि स्वतः शिकणाऱ्या प्रणालीला तो खेळायला दिला होता. शर्यत पूर्ण कर, असे तिला सांगितलेले नव्हते. जास्तीत जास्त गुण मिळव, असे सांगितले होते, आणि गुण मिळत ते वाटेतल्या खुणांना धडकल्यावर. त्या होडीला एक शांत वळण सापडले, जिथे तीन खुणा धडकल्यावर थोड्या वेळाने पुन्हा उगवत. ती तिथेच गोल गोल फिरत राहिली. तिला आग लागे, ती दुसऱ्या होड्यांवर आदळे, उलट्या दिशेने जाई, आणि तरी माणसांपेक्षा सरासरी सुमारे 20 टक्के अधिक गुण मिळवी. शर्यत तिने संपवलीच नाही.

ती होडी पाहताना मला यंत्रापेक्षा माणसेच अधिक आठवली. वेळ मिळावा म्हणून पैसा मागणारा माणूस पैसा मिळवण्यातच वेळ घालवतो, तेव्हा त्याचीही गुणसंख्या वाढतच असते.

प्रयोगवही

बिंदुनाद यांच्या मुद्द्याला जोडून ब्यॉटगरच्या सोन्याचे पुढे काय झाले तेही सांगतो. शिशाच्या अणुगर्भात 82 प्रोटॉन असतात आणि सोन्याच्या अणुगर्भात 79, म्हणजे अंतर अवघे तीन प्रोटॉनांचे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातील महाकाय कणवेगवर्धकात शिशाचे अणुगर्भ प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळच्या वेगाने एकमेकांच्या कडेने जातात, तेव्हा त्यांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे काही अणुगर्भांतून नेमके तीन प्रोटॉन निसटतात आणि क्षणभर सोने तयार होते. 2015 ते 2018 या काळात असे सुमारे 86 अब्ज सोन्याचे अणुगर्भ तयार झाल्याचे तिथल्या ॲलिस प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये जाहीर केले. सगळ्यांचे मिळून वजन 29 पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या 29 पट, आणि तेही सेकंदाच्या सूक्ष्म अंशात नाहीसे झालेले. शिशाचे सोने करण्याची शतकानुशतकांची इच्छा अक्षरशः पूर्ण झाली आहे; ज्या कारणासाठी ती होती ते कारण मात्र तिथे औषधालाही नाही.

तर्कनिष्ठ

माझी पहिली हरकत मी आता थोडी निराळ्या शब्दांत मांडतो. दुवा खरा असला पाहिजे, हे प्रयोगवही यांचे म्हणणे मला पटते. पण पूर्ती झाली की नाही याचा निकाल देण्याचा अधिकार मागणाऱ्याचा असावा, असे मी म्हणेन. सांजवेळ यांना तो अधिकार आहे आणि त्यांनी निकाल राखून ठेवला आहे. आपण बाहेरून तो देऊ नये.

यातही एक अडचण आहे, ती नोंदवतो. मागणाऱ्याची साक्ष स्थिर नसते. 1978 साली मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी सोडतीत मोठे बक्षीस लागलेल्या 22 जणांची तुलना इतर 22 जणांशी केली, तेव्हा बक्षीसवाले विशेष अधिक सुखी आढळले नाहीत, आणि मित्राशी गप्पा किंवा वाचन अशा रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद वाटत होता. संख्या लहान असल्याने यावर मोठी इमारत रचू नये. तरी मागताना जो माणूस असतो तो मिळाल्यानंतर तसाच उरत नाही, एवढे त्यातून दिसते. मग साक्ष कोणाची घ्यायची, आधीच्याची की नंतरच्याची?

आडवाट

तर्कनिष्ठ, या प्रश्नावर मला केप्लर आठवतो, आणि त्याची गोष्ट तुमच्या निकषाला थोडी अडवते.

ग्रहांच्या रचनेत भूमितीची सुसंवादी योजना असली पाहिजे, ही केप्लरची तरुणपणापासूनची इच्छा होती. 1596 साली त्याने असे मांडले की, सगळी पृष्ठे सारखी असलेल्या पाच सुसम घनाकृती एकीत एक बसवल्या तर सहा ग्रहांची अंतरे मिळतात. ही योजना सिद्ध करण्यासाठी त्याला अचूक निरीक्षणे हवी होती आणि ती होती ट्युको ब्राहेकडे. 1600 साली तो ब्राहेकडे गेला आणि मंगळाची कक्षा सोडवण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. वर्तुळ धरून त्याने जे गणित मांडले ते निरीक्षणांपासून आठ कलांनी ढळत होते. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या बिंबाचा साधारण चौथा हिस्सा. दुसऱ्या कोणी ते निरीक्षणाच्या चुकीवर ढकलून दिले असते. केप्लरला ठाऊक होते की ब्राहेची चूक एवढी मोठी नसते, आणि त्या आठ कलांसाठी त्याने सारी मांडणी टाकून दिली. 1609 साली त्याने मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा प्रसिद्ध केली. दोन हजार वर्षे परिपूर्ण मानलेले वर्तुळ गेले. सुसंवादाच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हातून तो आणखी मोडला, असेच तेव्हा कोणालाही वाटले असते.

त्याने शोध सोडला नाही. मे 1618 मध्ये त्याला एक साधे प्रमाण सापडले: ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. सगळ्या ग्रहांना बांधणारे एकच सूत्र. त्याने मागितलेला सुसंवाद तो हाच, पण घनाकृतींच्या वाटेने न आलेला, आणि वर्तुळ गमावल्यानंतर आलेला. पुढे न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धान्ताने केप्लरचे ग्रहगतीचे तिन्ही नियम एका मुळाशी नेऊन जोडले.

तुमच्या निकषाची अडचण इथे येते. केप्लरला त्या सूत्राचा अतिशय आनंद झाला होता, परंतु म्हणून त्याने घनाकृती सोडल्या नाहीत. 1621 साली त्याने आपला तरुणपणीचा ग्रंथ नव्या टिपांसह पुन्हा छापला आणि मूळ कल्पनेला तो अखेरपर्यंत चिकटून राहिला. म्हणजे मागणाऱ्याला मिळाले, त्याने ते हातात घेतले, आणि तरी मागणीचा जुना आकार त्याने मनात तसाच जपला. त्याची साक्ष काढली असती तर घनाकृतींची योजना पूर्ण सिद्ध व्हायची राहिली आहे, असेच त्याने सांगितले असते, असे मला वाटते. म्हणून मागणाऱ्याचे म्हणणे पहिले ऐकावे, हे मला मान्य आहे. ते शेवटचे मानावे, हे मान्य नाही. सांजवेळ यांच्याबाबतीत मात्र तुमचेच बरोबर आहे. तिथे बाहेरच्याने बोलू नये.

गणितातले एक उदाहरण माझ्या मनात आहे, पण त्यावर लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही. कोणतेही गणिती विधान खरे की खोटे हे ठरवणारी एक ठरावीक कृती असावी, अशी गणिती हिल्बर्टची इच्छा होती. 1936 साली ट्युरिंगने अशी कृती असू शकत नाही हे सिद्ध केले, आणि ते सिद्ध करण्यासाठी त्याने जे काल्पनिक यंत्र रचले त्यातून आजच्या संगणकाची संकल्पना स्पष्ट झाली. बिंदुनाद, हे तुमच्या क्षेत्रातले आहे. याला नकार म्हणावे की पूर्ती, यावर तुम्ही सविस्तर लिहाल का?